हवा कमी करताना

हेरंब, दार उघड आणि खाली उतर.
एवढंच म्हणतेय.
चालव असं मी अजून म्हटलेलंच नाही.

बत्तीस पॉइंट हवा आहे चारही चाकांत,
ती अठरावर आणायची.
टोपी काढ, काडीने व्हॉल्व्ह दाब.
ऐकलंस?
मातीत शिरण्याआधी चाकसुद्धा सुस्कारा सोडतं,
मग तुझ्या सुस्काऱ्यांचा राग मी का धरू?

गिरणारे मागे पडलं.
द्राक्षांच्या घडांना गुंडाळलेली वर्तमानपत्रं
तू बांधाशी थांबून वाचलीस,
गेल्या वर्षीच्या बातम्या, अर्ध्या, उलट्या.
मी हॉर्न वाजवला नाही, याची नोंद असू दे.
आता समोर काश्यपीचं ओसरलेलं पाणी,
भेगाळलेला गाळ, ट्रॅक्टरची एक जुनी चाकोरी,
आणि मध्ये हा नाला.

तुझी कारणं मला पाठ आहेत.
कंबर. जिप्सीचे शॉक-अब्सॉर्बर. उद्या सोमवार.
आणि ते लाडकं वाक्य:
चांगला रस्ता असताना गाडीची वाट कशाला लावायची?
अरे, वाट लावणं आणि वाट काढणं,
क्रियापदाचाच काय तो फरक.

मी हिला पहिल्यांदा याच नाल्यात बसवली होती,
दारापर्यंत.
धोंडेगावच्या एका पोराने ट्रॅक्टरने ओढून काढली.
दोनशे रुपये दिले तर नको म्हणाला.
किल्ली मागितली,
एक चक्कर मारली गाळातून, हसत,
आणि किल्ली परत देताना म्हणाला,
ताई, तुम्ही लई घाई करता.

ते एक वाक्य मी तुला दोन वर्षं सांगितलं नाही.

तू मात्र मला एक गोष्ट सांगितली आहेस.
त्र्यंबक रोडला पंक्चर काढायला थांबलो होतो तेव्हा,
माझ्याकडे न बघता.
गोल्फ क्लबच्या मैदानावर, पहाटे, अण्णांची फियाट,
आणि चुकलेल्या प्रत्येक गिअरला
बोटांच्या पेरांवर किल्ली.
सत्तावन्न वर्षांचा झालास,
सीबीएसच्या सिग्नलला अजून गिअर टाकताना
एकदा डावीकडे बघून घेतोस.
डावीकडे मी असते, हेरंब.
माझ्या हातात फार तर शेंगदाण्याची पुडी असते.

हे काय, पँट कशाला दुमडतोयस?
काठी?
बरं.

(तू पाण्यात उतरतोस. काठी टेकवतोस, थांबतोस,
एक पाऊल पुढे, पुन्हा टेकवतोस.
भूमी अभिलेखात तीस वर्षं
लोकांचे बांध मोजलेला माणूस
भांडणाशिवाय एक नाला मोजतोय.)

इथे पोटरीला, ओरडतोस.
इथे गुडघ्याला. मधे मऊ आहे.
उजवीकडून घेतलं तर खाली खडक आहे, धरेल चाक.

आणि मी बॉनेटला टेकून उभी, जरा ओशाळलेली.
कारण हेच करायचं असतं.
आधी उतरून चालायचं असतं.
मला ठाऊक होतं, मी कधी केलं नाही,
नुसती घुसले आणि तीनदा अडकले.
ज्याला तू भित्रेपणा म्हणत आलास
(चल, मीसुद्धा म्हणत आले)
तो तर निम्मा धंदा आहे या कामाचा.

बस आता. त्या बाजूने नाही, स्टिअरिंगच्या बाजूने.
पाय पुसू नकोस, राहू दे चिखल.
सीट पुढे घे, तुझे पाय आखूड आहेत,
लग्नातच कळलं होतं.
छोटा दांडा मागे: फोर-लो.
पहिला गिअर. पाण्यात क्लच दाबायचा नाही,
ती आपली आपण चालते, तू फक्त दिशा दे.

बघितलंस डावीकडे? बघ, हरकत नाही.
दोन्ही हात मांडीवर आहेत माझे.
वरची मूठसुद्धा धरलेली नाही.

अं, बंद पडली.
पडू दे.
बगळा उडाला फक्त, बाकी कुणी बघितलं नाही.
किल्ली तुझ्याच हाताशी आहे,
फिरव परत.